मदत हवी आहे: ब्रेक टेस्टला मागची चाकं लॉक होत नाहीत (फॉर्म्युला स्टुडंट, नाशिक)

नमस्कार. मी नाशिकला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) टीममध्ये ब्रेक्स माझ्याकडे आहेत. जानेवारीत कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही स्पर्धा आहे आणि आमची गाडी ब्रेक टेस्टलाच अडकेल अशी धास्ती वाटतेय. चारही चाकं लॉक झाली नाहीत तर पुढे ट्रॅकवर सोडतच नाहीत.

पुढे-मागे वेगळे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक तेल ढकलणारे), मध्ये बायस बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा). पुढची चाकं लॉक होतात, डांबरावर काळे पट्टे उठतात. मागची फिरतच राहतात. पेडल पहिल्यांदा खोल जातं, दोन-तीनदा पंप केलं की कडक होतं. मागचे पॅड बदलले, दोनदा ब्लीडिंग केलं (हवा काढायला लाइनमधून तेल सोडलं), बायस बार मागच्या बाजूला ४ आटे फिरवला. फरक नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. बायस बार लावणारा दादा पास होऊन पुण्याला नोकरीला लागला. फोन केला तर म्हणाला, "हाताच्या अंदाजाने लावला होता रे." कुठेच लिहिलेलं नाही. दोष त्याचा नाही. तेव्हा आम्ही पाच जण शेजारी उभे होतो, एकानेही पाना मागून घेतला नाही. आणि आता मी तेच करतोय. टीम २४ जणांची, गाडीला हात लागतो सहा-सात जणांचा. बाकीचे कॉस्ट रिपोर्ट आणि स्पॉन्सरशिपच्या पत्रांत. "राहू दे, मी करतो" हे मी दिवसातून दहादा म्हणतो, कारण वेळ नाही. वेळ न घालवता ज्युनियरच्या हातात काम द्यायचं कसं?

प्रतिसाद १

मीही अशाच टीममधून बाहेर पडलोय, आता सातपूरला कामाला आहे. पंप केल्यावर पेडल कडक होतंय म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. बायस बार होता तिथे परत आण, आत्ता त्याला हात लावू नकोस.

आधी मागच्या कॅलिपरचं (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा सोडायचं तोंड, वर आहे की खाली ते बघ. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल झालं की निपल खाली जातं. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि कितीही तेल काढलं तरी निघत नाही. डॉट ४ ब्रेक तेल नवीन सीलबंद बाटलीतलंच वापर. ते हवेतला ओलावा ओढतं. कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ चीच हमी. शिवाय टेस्टला ड्रायव्हरने क्लच दाबलाय ना ते बघ, नाहीतर इंजिन मागची चाकं ओढत राहतं.

ज्युनियरचं म्हणशील तर ब्लीडिंगला दोघं लागतातच. तू पेडलवर बस, निपलवर त्याला बसव. मग पाना तुझ्या हातात येणारच नाही.

धागाकर्ता

दादा, निपल खालीच होतं, दोन्हीकडे. रंगकामाला कॅलिपर आम्हीच काढले होते.

निपलवर दिंडोरीचा सेकंड इयरचा मुलगा बसला. घरच्या द्राक्षबागेतला ब्लोअर तो स्वतः खोलतो आणि जोडतो. आठ महिन्यांत आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं, पीपीटी बनवायला ठेवलं होतं. पारदर्शक नळीत डोळे लावून तो "दाब", "धरून ठेव" म्हणायचा, निपल सैल करायचा, आवळायचा, आणि त्याने "सोड" म्हटल्याशिवाय मी पाय उचलायचा नाही. डावीकडे पहिल्या खेपेला मोठा बुडबुडा सरकत गेला, अकराव्या खेपेला नळीत नुसतं तेल. पेडल आता पहिल्याच दाबाला कडक लागतं. बायस बारचे आटे त्यानेच मोजून वहीत लिहिले, तारखेसह.

आता मागचं उजवं चाक लॉक होतं, डावं किंचित उशिरा. डावीकडचे पॅड नीट बेड झाले (डिस्कवर घासून बसले) नसावेत असं त्याचं म्हणणं आहे, मलाही पटतंय. पण त्यासाठी गाडी पळवायला हवी आणि कॉलेजचं पार्किंग पुरत नाही. अंबड किंवा सिन्नर एमआयडीसीत कुणाच्या आवारात रविवारी सकाळी १०० मीटर सरळ काँक्रीट मिळेल का? मालकांची लेखी परवानगी, कॉलेजचं पत्र, हेल्मेट, अग्निशामक नळकांडं सगळं आम्ही आणू. सोबत सेकंड इयरची चार मुलं असतील.