मदत हवी आहे : फाउंडेशनच्या अर्जात ‘तुमची संस्था कोणासाठी?’ या रकान्यात आमच्या मराठी वाचनालयाने काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. बँकेतून निवृत्त झाल्यावर गेली चार वर्षं इथल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची सहसचिव म्हणून काम बघते. संस्थेचं नाव देत नाही, कारण कार्यकारिणीला विचारलेलं नाही. जुन्या शहरातलं आहे, एवढं पुरे. पुढच्या वर्षी शंभर वर्षं पूर्ण होतील.

अडचण अशी आहे. पीथमपूरला कारखाना असलेल्या एका कंपनीचं फाउंडेशन आहे. त्यांच्या मदतीच्या यादीत शाळा-दवाखान्यांच्या जोडीला ‘नागरी व सांस्कृतिक संस्था’ असा वेगळा विभाग आहे. ओळखीतल्या एकांनी अर्जाचा नमुना आणून दिला आणि दिवाळीच्या आत पाठवा म्हणाले. चौदा पानी अर्ज आहे. बाकी सगळं जमेल, पण दोन रकान्यांपाशी मी आठवडाभर अडले आहे.

एक, ‘प्रकल्प आमच्या कार्यक्षेत्रात येतो का?’ त्यांचं कार्यक्षेत्र म्हणजे धार जिल्हा. पीथमपूर आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. इंदूरची कितीतरी माणसं रोज सकाळी कंपनीच्या बसने तिकडे कामाला जातात, पण जिल्हा धार. आम्ही पडलो इंदूर जिल्ह्यात.

दोन, ‘संस्थेचा लाभ कोणत्या समाजघटकांना होतो?’ हा रकाना मला जास्त छळतोय. तीन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका फाउंडेशनकडे गेलो होतो. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं : संस्था विशिष्ट भाषिक समाजापुरती मर्यादित असल्याने विचार करता येत नाही. आमच्या ग्रंथपाल काकूंनी ते पत्र वाचून घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. आजही तिथेच आहे. त्या दिवशी वाचनकक्षात एकही खुर्ची रिकामी नव्हती आणि बसलेल्यांपैकी मराठी बोलणारे फार तर चार असतील.

कारण आमचा वाचनकक्ष सकाळी सातला उघडतो आणि सात वाजून दहा मिनिटांनी भरतो. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरात, कोचिंग क्लास भंवरकुआँला, त्यामुळे आसपासच्या जिल्ह्यांतली मुलं इथे खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत तिघं-चौघं. तिथे वाचन होत नाही, म्हणून ती आमच्याकडे येतात. महिन्याला पन्नास रुपये, थंड पाणी, पंखा, आणि कोणी बोलत नाही. एवढ्यासाठी मुलं सायकलवरून पाच किलोमीटर येतात.

आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकं. आतल्या खोलीत जवळपास चौदा हजार मराठी पुस्तकं आहेत, त्यांत होळकर राज्यात छापलेली बरीच. गेल्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली. मी एक बाड काढलं तर वरची पन्नास पानं हातात पापडासारखी तुटली, आणि खालच्या पानांवर कसरीने अशी नक्षी काढली होती की ओळी अर्ध्याच उरल्या होत्या. ते बाड दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

इंदुरात तीन वेळा मराठी साहित्य संमेलन झालं, १९१७, १९३५ आणि २००१ साली. पहिल्या दोन्ही वेळी होळकरांचं राज्य होतं आणि दरबारचा हात अशा कामाच्या पाठीशी असायचा. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, कारभाराची भाषा हिंदी झाली. त्यात गैर काही नाही. पण आमच्यासारख्या संस्था तेव्हापासून सभासदांच्या वर्गणीवर आणि एखाद्या मुलाने आईच्या नावाने दिलेल्या देणगीवर तगून आहेत. छप्पर, भिंत, लोखंडी कपाटं, जुन्या पुस्तकांचं स्कॅनिंग आणि ग्रंथपालांचा दोन वर्षांचा पगार मिळून आमचा अंदाज अठरा लाखांचा आहे. वर्षाचा सगळा खर्च चार लाख. हे आमच्याने होणार नाही.

माझे प्रश्न :

जिल्ह्याची हद्द खरंच कायद्याने बांधलेली असते, की ते फाउंडेशनचं धोरण असतं?

आमच्या घटनेत ‘महाराष्ट्रीय समाजाची वाङ्मयीन उन्नती’ असे शब्द आहेत. ते बदलावेत का? कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ म्हणतात, मराठी काढलंत तर उरलं काय. तरुण म्हणतात, मराठी ठेवलंत तर पैसे नाहीत. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच काही लिहवत नाही.

कोणी असा अर्ज भरला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद : हिशेबनीस

ताई, संस्थांचे हिशेब तपासणं हेच माझं काम, म्हणून जरा लांबण लावतो.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ बघा. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. यालाच सीएसआर म्हणतात. त्याच कलमात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय, आणि तिथूनच हे जिल्ह्यांचे नकाशे आले. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. म्हणजे कायदा तुम्हाला अडवत नाही, फाउंडेशनचं धोरण अडवतंय. आणि धोरण बोलून वाकवता येतं. अर्जात ‘नाही’ लिहून पुढे जाऊ नका. ‘इंदूर, कारखान्यापासून अमुक किलोमीटर’ असं लिहा आणि धार जिल्ह्याशी तुमचा काय संबंध ते दाखवा.

तुमचा विषय कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये थेट बसतो. वारसा, कला, संस्कृती आणि सार्वजनिक ग्रंथालयं उभी करणं, हे तिथे शब्दशः आहे. पण अर्जाला ‘शताब्दी महोत्सव’ असं नाव देऊ नका. एकदाच होणारे कार्यक्रम यात धरत नाहीत, हे २०१४ पासून स्पष्ट आहे. ठेव म्हणून कायम निधीही मागू नका, २०२१ च्या नियमांनंतर तो चालत नाही. काम मागा : भिंत, कपाटं, स्कॅनिंग, पगार. पगाराला घाबरू नका. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, तुमच्या ग्रंथपालाला नाही.

आता कागद. १९६१ च्या आयकर कायद्याखालची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रं चालू हवीत. त्यावर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ची, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते, आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. मध्य प्रदेशात तुमची नोंदणी १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली असणार. कलम २७ ची कार्यकारिणीची यादी आणि २८ चे हिशेब दर वर्षी भरले आहेत का, ते आधी बघा. शंभरातल्या पन्नास संस्था इथेच अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

घटनेबद्दल : आयकर कायदा विचारतो ते विशिष्ट धर्म किंवा जातीपुरती संस्था आहे का. भाषा त्यात येत नाही. तेव्हा घाईने उद्दिष्टं बदलू नका. बदललीत तर आमसभेचा ठराव, रजिस्ट्रारकडे नोंद आणि वर ३० दिवसांत आयकर खात्याकडे नवा अर्ज, एवढं सगळं अंगावर येईल. त्याऐवजी सभासदत्वाच्या नियमात ‘वाचनकक्ष सर्व नागरिकांना खुला’ असा ठराव कार्यकारिणीने करावा आणि त्याची प्रत जोडावी.

प्रतिसाद : मांडवीजवळचा

बडोद्याहून लिहितोय. आम्हीही पूर्वी प्रत्येक अर्जाची सुरुवात सयाजीरावांपासून करायचो. महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावलं, राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं, वगैरे. सगळं खरं, आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. समोरचे अधिकारी मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि पैसे द्यायचे नाहीत. त्यांना कळायचं नाही की हे आज कोणाच्या उपयोगाचं आहे.

मग एका वर्षी आमच्या वहिनींनी इतिहासाचं पान मागे टाकलं आणि पहिल्या पानावर एका मंगळवारी सकाळी वाचनालयात कोण कोण आलं तेवढंच लिहिलं. रिक्षावाले काका पेपर वाचायला, दोन नर्स, एक गुजराती आजोबा ज्यांना मराठी नाटकं वाचायची असतात. नावं नाहीत, फक्त माणसं. त्या वर्षी कपाटं मिळाली.

ताई, तुमच्या पोस्टमधला सात वाजून दहा मिनिटांचा परिच्छेद उचला आणि तसाच हिंदीत अर्जात घाला. आणि वाचनकक्षाचं रजिस्टर असेल तर पत्त्याचा रकाना बघा.

प्रतिसाद : लष्करकर

ग्वाल्हेरहून थोडी भर घालतो. एकाच दारावर बसू नका. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशन, १९७२ सालचं, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालचं आहे, खाजगी नव्हे. पण ५०, ७५, १०० वर्षं पूर्ण करणाऱ्या सार्वजनिक वाचनालयांसाठी त्यांची वेगळी योजना आहे. अर्ज राज्याच्या ग्रंथालय समितीमार्फत जातो, वेळ लागतो, म्हणून आत्ताच सुरू करा. शताब्दीचा कार्यक्रम तिकडे मागा, भिंत इकडे.

कोणी परदेशातल्या फाउंडेशनचं सुचवलं तर सध्या तिकडे वळू नका. परदेशी देणगीच्या नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. चार लाखांच्या हिशेबाने तुम्ही बारालाच थांबता.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मांडवीजवळच्या दादांनी सांगितलं म्हणून काल दुपारी काकू आणि मी रजिस्टर घेऊन बसलो. चार वर्षांत ते मी शंभरदा हाताळलं असेल, पत्त्याच्या रकान्याकडे कधी बघितलंच नव्हतं. मुलं तिथे इंदूरच्या खोलीचा पत्ता लिहीत नाहीत, गावाचा लिहितात. कुक्षी. मनावर. गंधवानी. सरदारपूर. बदनावर. पुन्हा कुक्षी. काकू वाचत होत्या आणि मी पेन्सिलीने रेघा मारत होते. या वर्षीच्या सभासदांपैकी जवळपास चौथा हिस्सा धार जिल्ह्यातला निघाला. बाकी झाबुआ, बडवानी, खरगोन. ज्या जिल्ह्यात आम्ही नाही म्हणून मी आठवडाभर पेन उचलत नव्हते, तो जिल्हा रोज सकाळी आमच्याच खुर्च्यांवर येऊन बसतो.

काकूंनी अजून एक दाखवलं. मनावरच्या एका मुलीने गेल्या वर्षी चार मराठी पुस्तकं घरी नेली होती. तिची आजी खानदेशातली. मुलीला मराठी वाचता येतं पण बोलायला लाजते, असं काकू म्हणाल्या. तेव्हा ज्येष्ठ आणि तरुण दोघांनाही मी रविवारी हे रजिस्टरच दाखवणार आहे. घटनेतला शब्द राहील. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलंय ते असं : ‘इंदूर शहरातील व आसपासच्या जिल्ह्यांतील वाचक व विद्यार्थी, तसेच माळव्यातील मराठी ग्रंथांचे जतन.’ चालेल ना? ‘तसेच’ च्या जागी दुसरा शब्द सुचत असेल तर सांगा, मराठी मागून जोडल्यासारखी वाटायला नको.

हिशेबनीस, २७ आणि २८ तपासले. दोन वर्षांचे राहिलेत, चूक आमचीच आहे, या आठवड्यात विलंब शुल्कासह भरतोय. १२ए आणि ८०जी चालू आहेत, सीएसआर-१ नाही.

आता एक नवी अडचण आली आहे. अर्जासोबत इमारतीच्या मालकीचे कागद मागितले आहेत. आमची जागा नजूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, भाडेपट्ट्यावर आहे आणि पट्ट्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केलेला आहे, पण आदेश अजून हातात नाही. अशा स्थितीत भिंतीसाठी पैसे मागावेत का?

प्रतिसाद : हिशेबनीस

भिंत या वर्षी वगळा. सीएसआरच्या पैशातून जी मालमत्ता उभी राहते ती कोणाच्या नावावर, हे २०२१ च्या नियमांत काटेकोर आहे. नोंदणीकृत संस्थेच्या नावावर चालते, पण तिच्याकडे सीएसआर नोंदणी क्रमांक हवा. कपाटं, स्कॅनर, पगार हे तुमच्या नावावर राहू शकतं, भिंत पट्ट्याच्या जमिनीवर आहे. पट्ट्याचा आदेश आला की दुसऱ्या टप्प्यात मागा. कंपनीला तीन वर्षं चालणारा प्रकल्पही हाती घेता येतो, त्यामुळे दोन टप्पे आत्ताच लिहा. तोवर ओल्या भिंतीपासून पुस्तकं फूटभर पुढे ओढा आणि मधून हवा खेळू द्या.

‘तसेच’ काढा. मराठी ग्रंथांचं वाक्य आधी घ्या, वाचकांचं नंतर.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आधी घेतलं. आता वाचताना बरोबर वाटतंय.

कपाटं आज सकाळी ओढली. वाचनकक्षातली सहा मुलं आपणहून मदतीला आली. त्यांतला एक कुक्षीचा आहे, तो विचारत होता की एवढी पुस्तकं कोणत्या भाषेतली आणि त्यात काय आहे. काकू त्याला सांगत बसल्या, अकरा वाजून गेले.

शेवटची विनंती : सर्वांना खुला वाचनकक्ष, या अर्थाच्या ठरावाचा हिंदी मसुदा कोणाकडे असेल तर इथे टाकाल का? सभा रविवारी साडेचारला आहे.