हे कधीपासून, ते आधी विचारा
वृद्धांच्या घरी भेट देणाऱ्यांना नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांतला फरक प्रशिक्षणात शिकवावा, हे मत पटलं. पण डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा मानसिक गोंधळ, ते राहिलंच. घरभेटीत पहिला प्रश्न 'हे कधीपासून?' असा हवा, आणि तो घरच्यांनाही विचारायचा. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांत वाढतो, डिलिरियम काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतं आणि दिवसभरात कमीजास्त होतं. मागे संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी असं काहीतरी असतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बडबडणारे आजोबा लगेच लक्षात येतात. गप्प, पेंगुळलेल्या आजी 'वय झालं' म्हणून हमखास सुटतात. लक्ष टिकतंय का पाहायला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. त्याआधी श्रवणयंत्र कानात आणि चालू आहे ना, ते बघा. नाहीतर ऐकू न आल्याने चुकलेली उत्तरं विस्मरणात मोजली जातात.