सैन्यातून डिस्चार्जचा (नोकरीतून मुक्त होण्याचा) अर्ज गेलाय आणि पोस्टिंग आलं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहेत. पेन्शनला लागणारी १५ वर्षं झालीत. सासूबाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मुदतीआधी डिस्चार्जचा अर्ज दिलाय. बेळगावला रेजिमेंटच्या जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथली मंजुरी यायच्या आतच राष्ट्रीय रायफल्सचं (सैन्याच्या दहशतवादविरोधी दलाचं) पोस्टिंग आलं, थेट काश्मीर. काळी ट्रंक अर्धी भरून ठेवलीय.

हुकूम मोडायचा नाहीच. न जाणं म्हणजे विनारजा गैरहजर, ते आम्हाला जन्मात जमणार नाही. पण डिस्चार्जचं कारण दाखवून पोस्टिंग रद्द करून मागता येतं का? सीओ साहेबांकडे (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे) इंटरव्ह्यू, म्हणजे भेट, मागताना डायलिसिसची फाइल जोडावी का? आणि हजर झाल्यास अर्ज नव्या युनिटमधून पुन्हा करावा लागतो का? माजी सैनिकांनी, विशेषतः क्लार्क म्हणून काम केलेल्यांनी, कृपया लवकर सांगा.