पाणी जड आहे म्हणजे नेमकं काय? आपापल्या नळाचे अनुभव लिहा

दीड वर्षापूर्वी मोठ्या शहरातून या छोट्या शहरात राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात केस काथ्यासारखे झाले, बादलीच्या कडेला साबणाची चिकट रेघ उमटली आणि नळाच्या तोटीवर पांढरी दाढी उगवली. शेजारी म्हणाले, "इथलं पाणी जडच आहे." शाळेत 'दुष्फेन पाणी' असा शब्द पाठ केला होता, तो इतक्या वर्षांनी न्हाणीघरात भेटला!

छोट्या शहराची एक गंमत दिसते. नदीचं पाणी कमी पडलं की त्यात विंधनविहिरींचं मिसळतात. जमिनीतलं पाणी खडकांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, त्यामुळे त्याच नळाचं पाणी एका ऋतूत मऊ तर दुसऱ्या ऋतूत जड. तुमच्याकडे काय होतं? काय केलंत, काय फसलं, सगळं लिहा. फसलेलं आधी.

* * *

फसलेलं हवंय ना, मग माझं घ्या. हौसेने सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, बसवला. हातात टीडीएस मीटर होताच. आधीचा आकडा घेतला, नंतरचा घेतला. फरक शून्य! उलट किंचित वाढलेला. बसवणाऱ्याला फोन करून असं काही बोललो की आता आठवलं तरी लाज वाटते.

त्याचं काही चुकलं नव्हतं. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्यातला जडपणा किती, हे त्याला कळतच नाही. सॉफ्टनरमधली रेझिन (बारीक मणी) क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करते: कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं तर २३ मिलिग्रॅम सोडियम येतं, मग आकडा उतरणार कसा? रेझिन भरली की मिठाच्या पाण्याने धुवायची, की पुन्हा कामाला तयार.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. जडपणा (तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात) लिटरला १०० मिलिग्रॅमने उतरवला की साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. आमच्या घरी वडिलांना मीठ कमी करायला सांगितलंय, म्हणून पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपावर घेतला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर भिंत दोनदा फोडावी लागली नसती.

* * *

मीटरच्या नादी न लागता घरचा प्रयोग करा. झाकणाच्या बाटलीत नळाचं थोडं पाणी, साध्या साबणाचा कीस, जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत पावसाचं पाणी घेऊन तसंच करा. पावसाच्या पाण्यात फेस, जड पाण्यात दह्यासारखा साका. डिटर्जंट मात्र नको, तो जड पाण्यातही फेसाळतो आणि फसवतो. स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याने पाणी मऊ करण्याचं पेटंट घेतलं. जडपणा मोजायला तेही साबणच वापरत.

* * *

वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत जडपणा 'जर्मन अंशां'त होता आणि प्रयोगशाळेच्या कागदावर मिलिग्रॅममध्ये. मी आकड्यांचा घोळ घालून वर्षभर पावडर निम्मी टाकली. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम. रुमाल अजून करडेच आहेत.

* * *

आमच्याकडे गिझरची कॉइल दोनदा गेली. मेकॅनिकने काढून दाखवली तर अंड्याच्या टरफलासारखा थर. बहुतेक क्षार तापवल्यावर जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी जितकं तापेल तितका तो बाहेर पडतो आणि कॉइललाच चिकटतो. तापमान कमी ठेवल्यापासून तिसरी कॉइल टिकून आहे. शॉवरची भोकं बुजली की सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवते, सकाळी मोकळी.

* * *

जड नाही, पण वासाचं सांगू का? गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास, थंडाला अजिबात नाही. आम्ही पुरवठ्यालाच शिव्या देत होतो. निघालं ते गिझरच्या टाकीतून. आत गंज अडवायला मॅग्नेशियमची कांडी असते. काही जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात आणि ही कांडी त्यांना मदत करते. कांडी बदलली, टाकी धुतली, वास गेला.

* * *

पाणी दुधासारखं पांढरं आलं म्हणून घाबरू नका. पेल्यात ठेवा. खालून वर निवळत गेलं तर नुसती हवा आहे.

* * *

सगळे उकळण्यावर इतके खूश का असतात? उकळून जंतू मरतात, बायकार्बोनेटमुळे आलेला 'तात्पुरता' जडपणाही तळाशी बसतो. पण सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला जडपणा तसाच राहतो, आणि नायट्रेट तर पाणी आटल्याने अधिकच दाट होतं. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर आधी नायट्रेट तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. आमच्या बोअरचं जास्त निघालं, तेव्हा मी किती दिवस मन लावून उकळत होते ते आठवून पोटात गोळा आला.

* * *

मुलीच्या एक्झिमासाठी सॉफ्टनर घ्यायला निघालो होतो. डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध झालेली इंग्लंडमधली चाचणी दाखवली: ३३६ मुलं, १२ आठवडे, सॉफ्टनरमुळे आजारात मोजता येईल असा फायदा नाही. मलम चालू ठेवलं. सॉफ्टनर मागाहून घेतलाच, पण तो कपड्यांसाठी.

* * *

धागा सुरू करणारा परत आलोय. तुमचं वाचून शेवटी प्रयोगशाळेत दोन नमुने दिले, एक रस्त्यावरच्या जोडणीचा, एक स्वयंपाकघराच्या नळाचा. जडपणा दोन्हीकडे लिटरला ३१० मिलिग्रॅम, म्हणजे शेजारी बरोबर होते. १८० च्या वर गेलं की अति जड म्हणतात. त्रासदायक, पण जंतूंशी त्याचा संबंध नाही.

खरी गोम क्लोरीनमध्ये निघाली. रस्त्यावर लिटरला ०.४ मिलिग्रॅम, स्वयंपाकघरात शून्य. निदान ०.२ तरी उरायला हवा असतो. मधे काय आहे? गच्चीवरची आमची टाकी. दीड वर्ष मी तोटीवरची पांढरी दाढी खरवडत बसलो आणि टाकीचं झाकण एकदाही उघडलं नाही. रविवारी उघडलं. तळाला बोटभर गाळ, आणि झाकणाला मूठभर फट.