मेडिकलच्या अर्जाआधी पेशंटजवळचं काम: सीएनए, ईएमटी, स्क्राइब की रक्त काढणं?

मांडवीची_मुलगी

नमस्कार. मी न्यू जर्सीत बायोलॉजी शिकतेय, ऑगस्टमध्ये तिसरं वर्ष सुरू होईल. ग्रीन कार्ड आहे. तिकडे एमडीच्या (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) प्रवेशासाठी पेशंटबरोबरचा अनुभव बघतात आणि माझ्याकडे सध्या फक्त रिसर्च लॅबचं काम आहे. कॉलेज चालू असताना आठवड्याला आठेक तास देता येतील. सीएनए (नर्सिंग सहाय्यक), ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर तातडीची मदत देणारा), स्क्राइब (डॉक्टरची टिपणं लिहिणारा), फ्लेबॉटॉमी (तपासणीसाठी रक्त काढणं) यांपैकी काय घ्यावं?

जुलैअखेरपर्यंत मी बडोद्यात आजीकडे आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठी इथूनच ऑनलाइन स्क्राइबचं काम मिळतंय, काका म्हणतात ते घे. सयाजी हॉस्पिटलमध्ये जाऊन काम बघितलं तर ते धरतात का? अर्ज पुढच्या जूनला करायचा की एक वर्ष थांबायचं, हेही अजून ठरलेलं नाही.

सुरसागर

आधी तारखा मांड, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. एएमसीएएसचा, म्हणजे तिकडच्या मेडिकल कॉलेजांचा सामाईक अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेरीपासून पाठवता येतो. म्हणजे पुढच्याच वर्षी अर्ज करायचा तर तुझ्या हातात सप्टेंबर ते मे एवढाच काळ, आणि त्यातून प्रशिक्षणाचे महिने वजा करायचे.

तुझ्या वेळापत्रकात मला सीएनए बसतं. केंद्राच्या नियमानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे. न्यू जर्सीत ते ९० तासांचं आहे. शनिवार-रविवारच्या वर्गात सप्टेंबरला बसलीस तर नोव्हेंबरात संपेल. मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, बोटांचे ठसे, राज्याच्या नोंदवहीत नाव. जानेवारीपासून आठवड्याला एक आठ तासांची पाळी केलीस तर मेअखेर सुमारे १७० तास होतात. वर्षभर थांबलीस तर त्यात आणखी ४०० पडतात. दोन्हीतलं दुसरं मला जास्त पटतं. सुट्टीत महिनाभर रोज राबण्यापेक्षा त्याच वॉर्डात दीड वर्ष दर आठवड्याला जाणं मोलाचं. त्याच माणसाची तब्येत सुधारताना आणि ढासळताना दिसते, आणि मुलाखतीत बोलायला खरं काही असतं.

फी भरण्याआधी एक चौकशी कर. मेडिकेअर-मेडिकेडचे (सरकारी आरोग्यविमा) पैसे घेणाऱ्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये प्रशिक्षण सुरू करतानाच नोकरी ठरलेली असेल, तर ते तुझ्याकडून फी घेऊ शकत नाहीत. कोर्स संपल्यावर १२ महिन्यांत अशी नोकरी लागली, तर भरलेल्या फीची परतफेड ठरलेल्या पद्धतीने होते.

परीक्षेत मुलं ज्ञानाअभावी कमी आणि सवयीअभावी जास्त अडकतात. पलंगावरून व्हीलचेअरवर घेण्याचं उदाहरण घे. खुर्ची पेशंटच्या धडधाकट बाजूला, पलंगाला लागून. दोन्ही चाकांचे ब्रेक लावायचे, पाय ठेवायचे फूटरेस्ट बाजूला करायचे, पलंग इतका खाली आणायचा की पेशंटचे पाय जमिनीला टेकतील. न घसरणारे बूट घालायचे. कमरेचा पट्टा कपड्यांवरून बांधायचा, आत दोन बोटं जातील इतका सैल. मग काठावर थोडा वेळ बसवून चक्कर येते का ते विचारायचं, कारण झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो आणि तो तुझ्या अंगावरच कोसळतो. शेवटी कॉल बेल हाताशी ठेवायची. ब्रेक विसरणं, पडदा न ओढणं, बेल दूर राहणं आणि हात नीट न धुणं यांनी माणसं नापास होतात, आणि प्रत्यक्ष कामात पेशंट पडतात तेही यातल्याच चुकांनी.

नोकरी बघताना विचार: एका सीएनएकडे एका पाळीत किती पेशंट? सुरुवातीला किती पाळ्या कुणाच्या हाताखाली? दुपारी ३ ते रात्री ११ ची पाळी मिळाली तर घे. जेवण भरवणं, नातेवाईकांची ये-जा, निजवणं, सगळं त्यात येतं. रात्रपाळीत बोलणं कमी, कूस बदलणं आणि कपडे बदलणं जास्त. काम जड आहे, पाठ सांभाळावी लागते. मलमूत्र काढावं लागतं. ते करायची तयारी नसेल तर आत्ताच स्वतःशी प्रामाणिकपणे ठरव.

दांडियाबाजार_नाका

बडोद्यापुरतं मी सांगतो.

ऑनलाइन स्क्राइबचं काम घेऊ नकोस. न्यू जर्सीत सकाळी ८ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे संध्याकाळचे ५:३० होतात, म्हणजे पाळी रात्री अडीचपर्यंत. पेशंट तुला ओळखत नाही, तू त्याला हात लावत नाहीस, आणि दोन महिन्यांपैकी पहिला बराचसा वेळ शिकण्यातच जातो. काकांचा हेतू चांगला आहे, पण यातून जे मिळवायचं ते मिळत नाही. डॉक्टरच्या शेजारी उभं राहून केलेलं स्क्राइबिंग वेगळं. तक्रार कशी उलगडतात, तपासणीत काय शोधतात, निदानापर्यंत कसे पोचतात हे तिथे रोज कानावर पडतं. पण त्या कंपन्या बहुधा वर्षभराची बांधिलकी मागतात, आणि बोलणं ऐकून टिपण करणारी एआय साधनं आल्यापासून त्या जागांवर फार विसंबू नये.

सयाजी हॉस्पिटलची ओपीडी बघायला मिळाली तर जरूर बघ. बडोदा मेडिकल कॉलेजचंच ते रुग्णालय, गर्दी मोठी, आजार तऱ्हेतऱ्हेचे. विभागप्रमुखांची लेखी परवानगी घे, ओळखीने मागच्या दाराने शिरू नकोस. अर्जात हे शॅडोइंग (डॉक्टरांचं काम नुसतं बघणं) म्हणून जातं, कामाच्या तासांत ते मिसळायचं नाही. आणि कुणी प्रेमाने 'ये, दोन टाके घाल' म्हणालं तरी हात मागे घे. परदेशात विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणाशिवाय उपचार करू नयेत अशी एएएमसीची (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत. टाके घातल्याचं अर्जात अभिमानाने लिहिलं तर ते तुझ्याविरुद्धच जातं, आणि त्या पेशंटवर अन्याय होतो तो वेगळाच.

इथे असताना लशींची फाइल मात्र पूर्ण कर, नोकरी बहुतेक वेळा तिथेच अडते. ग्रीन कार्डाच्या मेडिकलचा लसीकरणाचा कागद शोध. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस आणि कांजिण्यांचे दोन डोस किंवा अँटिबॉडीचा रिपोर्ट लागतो. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही, त्यामुळे अनेकांची तीच राहिलेली असते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. ते झाले असतील तर अँटिबॉडीची पातळी १० किंवा वर आहे का ते तपासून घे. टीबीसाठी त्वचेवरची चाचणी करण्याऐवजी रक्ताची इग्रा चाचणी माग. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचे एक्स-रे आणि खुलासे यांत महिना जातो. बीसीजीचा इग्रावर परिणाम होत नाही.

मांडवीची_मुलगी

दोघांचेही मनापासून आभार. लशींचं डोक्यातच नव्हतं. ईएमटी आणि फ्लेबॉटॉमी मग बाजूलाच ठेवू का? ईएमटीचं मला फार आकर्षण आहे.

अलकापुरी_ब्लड_बँक

आकर्षण असेल तर बाजूला ठेवू नकोस, पण काय मिळेल ते समजून घे. प्रशिक्षण साधारण दीडशे ते दोनशे तासांचं, म्हणजे कॉलेजबरोबर एक अख्खं सेमिस्टर. मग राज्याची पात्रता, मग ॲम्ब्युलन्स पथकात उमेदवारी. खासगी ॲम्ब्युलन्स कंपनीत बरंचसं काम डायलिसिसला नेणं-आणणं आणि हॉस्पिटलमधून घरी सोडणं हे असतं. तेही पेशंटचंच काम आहे, फक्त मनातलं चित्र वेगळं असतं. न्यू जर्सीत स्वयंसेवी पथकं आहेत, त्यांच्या सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी राज्याचा निधीही आहे. तुझ्या गावच्या पथकाला विचार. वर्षभर थांबणार असशील तरच यात पड.

फ्लेबॉटॉमीला कॅलिफोर्निया, लुईझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन सोडून राज्याचा परवाना लागत नाही, तरी प्रमाणपत्राशिवाय घेणारे थोडेच. हॉस्पिटलच्या वॉर्डातली जागा असेल तर विचार कर. बाहेरच्या कलेक्शन सेंटरमध्ये माणूस पाच मिनिटांत उठून जातो. कामाला शिस्त फार लागते. नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायची. टूर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) एक मिनिटाच्या वर ठेवायचा नाही, नाहीतर तिथलं रक्त दाटतं आणि आकडे बदलतात. ट्यूबचा क्रमही ठरलेला: कल्चरची बाटली, फिकट निळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, करडी. जांभळीतल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम असतं. ती आधी भरली आणि अंश पुढच्या ट्यूबमध्ये गेला, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं दिसतं. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याचा वेळ चुकतो.

सुरसागर

थोडी भर. मेडिकल असिस्टंटच्या जागा त्वचारोग आणि डोळ्यांच्या दवाखान्यात कोर्सशिवायही मिळतात, पण त्यांना पूर्णवेळ माणूस हवा असतो. पदवीनंतरच्या वर्षात बघ. आणि हा धागा वाचणाऱ्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनो, कॅम्पसबाहेरचं पगारी काम परवानगीशिवाय घेऊ नका, आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

पहिल्या पाळीपासून वही ठेव: तारीख, तास, काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली. पेशंटचं नाव, खोली क्रमांक काही लिहायचं नाही. अर्जात अनुभवांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरं. त्यातल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. झालेले तास आणि पुढे होणारे तास वेगवेगळे भरायचे असतात. चार्ज नर्सचं (पाळीची प्रमुख नर्स) नाव आणि ईमेल नोकरी सोडण्याआधीच घेऊन ठेव.