मदत हवी आहे: बाईक आणि सायकलच्या पिकअपचं गणित उलटसुलट का येतंय?

मंडळी, दोन दिवस एकाच हिशोबात अडकलोय, कुणाला नीट कळत असेल तर प्लीज सांगा.

भाचीने विचारलं, सिग्नल सुटला की सायकलवाला पहिले चार-पाच फूट बाईकच्याही पुढे कसा असतो, बाईकला तर केवढी पॉवर असते. म्हटलं गणितच करून दाखवतो. २०० हॉर्सपॉवरची सुपरबाईक म्हणजे साधारण १५० किलोवॅट, गाडी आणि माणूस मिळून २७५ किलो धरले, ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, गतिज ऊर्जा आली १ लाख ६ हजार ज्यूल, त्याला दीड लाखाने भागलं तर उत्तर ०.७ सेकंद!! प्रत्यक्षात अशा बाईकला ३ सेकंदांच्या आसपास लागतात.

मग सायकल घेतली. मी धरून ८५ किलो, ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) मी २०० वॅट टिकवतो, ताशी ३० ला २९५० ज्यूल लागतात म्हणजे १५ सेकंद हवेत. भाचीने व्हिडिओ काढला, मीटरवर ३० दिसायला सातच सेकंद लागले. हवेचा अडथळा धरला तर वेळ वाढायला पाहिजे ना, कमी कसा झाला?

प्रतिसाद:
भागाकार बरोबर आहे, पण सुरुवातीला बाईक ती पॉवर वापरूच शकत नाही. जोरात थ्रॉटल दिलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात सैल लागायला लागतं आणि त्याच्या पुढे गेलात की चाक उचलतंच. मागचं चाक टेकतं तिथून गुरुत्वमध्य जितका पुढे आणि जितका उंच, त्या दोन अंतरांच्या गुणोत्तरावर पिकअपची मर्यादा ठरते, सुपरबाईकवर ती १ जी च्या, म्हणजे दर सेकंदाला वेग ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढण्याच्या, जवळपास येते. २७.८ भागिले ९.८ करा, २.८ सेकंद, आलं ना तुमचं उत्तर! ड्रॅग रेसच्या बाईक लांबलचक, जमिनीलगत आणि मागे व्हीली बार (पुढचं चाक उचलू न देणारा दांडा) लावलेल्या असतात त्या ह्याचसाठी.

सायकलचं म्हणजे २०० वॅट ही तुमची बराच वेळ टिकणारी ताकद झाली, सीटवरून उठून पेडलवर उभं राहिलात की काही सेकंद तिप्पट-चौपट सहज निघते. आणि सिग्नलला बाईकवाला क्लच हळूहळू सोडत असतो, तुम्ही पहिल्याच पेडलला सगळं वजन टाकता, म्हणून ते चार-पाच फूट तुमचे.

धागाकर्ता:
जुळलं एकदम, खूप खूप आभार! व्हिडिओत मी खरंच उभाच आहे. पण मग सपाट रस्त्यावर बत्तिसच्या पुढे काही केल्या जात नाही ते का?

प्रतिसाद:
ती हवा. तिच्याशी झगडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर पॉवर आठपट. २०१६ मध्ये टॉड रायकर्टने नेवाडात पूर्ण बंद कवचाच्या सायकलवर आडवं पडून, निव्वळ पायांच्या जोरावर ताशी १४४ किमी गाठले. आणि २०१८ मध्ये डेनिस म्युलर-कोरेनेक तर गाडीच्या मागे, तिच्या आडोशाला सायकल चालवत ताशी २९६ पर्यंत गेली. तुम्ही आधी कोपर वाकवून खाली झुकून बघा, त्याच २०० वॅटवर मीटर वर सरकेल.