मदत हवी आहे: गाडीत टेंपरेचर आणि ऑइल प्रेशरचं मीटर बसवायचं आहे, एअरबॅगच्या वाटेत न येता (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सेकंड हँड डिझेल एसयूव्ही आहे, टॉप मॉडेल, सहा एअरबॅगचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका गाडीपुरता नाही. गाडी मुख्यतः बाबा चालवतात. नागपूर ते पांढरकवडा त्यांचं नेहमीचं जाणं-येणं, तेही उन्हाळ्यात भर दुपारी, एसी फुल. या गाडीत टेंपरेचरचा काटाच दिलेला नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा, जास्त तापलं की लाल. मधलं काहीच कळत नाही.

मागच्या उन्हाळ्यात बुटीबोरीच्या पुढे कूलंटचा पाइप क्लॅम्पपाशी सुटला. लाल दिवा दिसेपर्यंत बॉनेटमधून वाफ येऊन राहिली होती. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, गेलं. पैशाचं दुःख नाही, पण बाबा एकटे, रस्त्याच्या कडेला, त्या उन्हात. आपल्याकडचा मे काय असतो हे सांगायला नको, २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. काटा हळूहळू वर सरकताना दिसला असता तर त्यांनी गाडी आधीच बाजूला घेतली असती. म्हणून दोन मीटर लावायची ठरवली आहेत, कूलंट टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर, दोन्ही ५२ मिलिमीटरची नेहमीची गोल.

आता अडचण. सदरच्या एका अ‍ॅक्सेसरीवाल्याने उजव्या पिलरवर, म्हणजे समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर, दोन मीटरचा पॉड (मीटर बसवायचं घर) बसवून देतो म्हटलं. पिलरच्या प्लास्टिकवर स्क्रू मारायचे आणि वायरी आतून खाली घ्यायच्या. मी म्हटलं, दादा, इथे एअरबॅग आहे ना? तर म्हणे, ताई, काही होत नाही, सगळेच लावतात.

घरी येऊन टॉर्च घेऊन बसले. पिलरच्या ट्रिमवर, वरच्या कोपऱ्यात, बोटाने चाचपल्याशिवाय लक्षात येणार नाही अशा बारीक उठावाच्या अक्षरांत ‘एसआरएस एअरबॅग’ कोरलेलं आहे. मॅन्युअलमधल्या चित्रात कर्टन एअरबॅग दारांच्या वर छताच्या कडेने पुढून मागेपर्यंत गेलेली दिसते. म्हणजे ती उघडताना पिलरची हीच ट्रिम बाजूला होणार. तिथे स्क्रूने घट्ट केलेला पॉड असेल तर एक तर एअरबॅग अडेल, नाही तर पॉड थेट बाबांच्या कानशिलावर येईल. ते मला कुठल्याही परिस्थितीत नको आहे.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेला आहे. सोल्डरिंग, क्रिम्पिंग, फ्यूज, रिले ही कामं हाताखालची आहेत. पण गाडीचं एअरबॅग सर्किट हे वेगळं जग आहे, म्हणून विचारते:

मीटर नेमकी कुठे लावू? डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या मागे, की खाली कन्सोलमध्ये? पॉवर कुठून घेऊ? वायरी इंजिनाकडून आत आणताना कोणत्या बाजूने आणू? आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरच्या जवळपास काम करायची वेळ आलीच तर काय पथ्य पाळायचं?

ज्यांनी हे काम हाताने केलेलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

हिंगणा_गॅरेज

ताई, पिलरला नाही म्हटलं हे फार चांगलं केलं. इंटरनेटवर पिलर पॉडचे जे फोटो दिसतात ते बहुतेक कर्टन एअरबॅग नसलेल्या गाड्यांचे. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. सहा एअरबॅगची सक्ती करायचं गडकरी साहेबांच्या मंत्रालयाने २०२२ मध्ये मांडलं होतं, नंतर ते सक्तीचं राहिलं नाही, पण कंपन्यांनी आपणहून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे दुकानदाराचा हात ज्या गाड्यांवर बसला त्या गाड्या वेगळ्या आणि तुमची वेगळी. तो खोटं बोलत नसेल, त्याने तशी उघडलेली एअरबॅग पाहिलेली नसेल.

आता जागा. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठावर एक झाकण असतं, बऱ्याच गाड्यांत त्याची रेघसुद्धा दिसत नाही. एअरबॅग ते झाकण फाडून वर येते, काचेला टेकते आणि मग माणसाकडे येते. हे सगळं पापणी लवायच्या आत. त्या भागात आणि तिच्या येण्याच्या वाटेत काहीही नको. स्टिअरिंग कॉलमच्या वर पॉड लावतात तेही मला पटत नाही, ड्रायव्हरची एअरबॅग फुगते ती जागा तिथून हातभर अंतरावर. आणि कॉलमच्या खाली गुडघ्याची एअरबॅग असेल तर तोही भाग बंद. ती आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज करू नका.

उरतो मधला कन्सोल. स्टिरिओच्या खाली, गिअरच्या पुढे, मोबाइल ठेवायचा जो खण असतो तो काढून तिथे पट्टी बनवा आणि दोन्ही मीटर थोडी ड्रायव्हरकडे कलती बसवा. नजर थोडी खाली न्यावी लागते, पण बझरवालं मीटर घेतलं तर ती अडचण राहत नाही. तुमच्या बाबांसाठी तर बझर हवाच. फक्त एक बघा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत याच कन्सोलच्या खाली, फरशीच्या मधल्या उंचवट्यावर बोल्ट केलेलं असतं. त्यामुळे तिथे खाली ड्रिल चालवायचं नाही, हातोडी मारायची नाही, आणि मीटरची अर्थिंग त्याच्या बोल्टखाली द्यायची नाही. पट्टी फक्त प्लास्टिकच्या खणालाच पकडवा.

समृद्धीवरून

ताई, मीटरच्या आधी एक स्वस्त गोष्ट करून बघा. स्टिअरिंगखाली ओबीडीचा पोर्ट आहे (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट), त्यात ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलं की कूलंटचं टेंपरेचर डिग्रीत मोबाइलवर दिसतं, बॅटरीचं व्होल्टेजही. कुठे छिद्र नाही, कुठे वायर कापायची नाही. मी नागपूर-शिर्डी असंच बघत जातो, समृद्धीवर १२० च्या वेगाने तासन्‌तास गाडी पळते तेव्हा टेंपरेचर कसं वागतं ते नीट कळतं. मोबाइलचा स्टँड मात्र एसीच्या मधल्या जाळीला लावा, डॅशबोर्डच्या डाव्या भागावर नको. ऑइल प्रेशर मात्र यात मिळत नाही, बहुतेक गाड्यांत कंपनीने तिथे फक्त चालू-बंदचा स्विच दिलेला असतो.

वर्धेची_मी

धागा वाचून आमच्या गाडीकडे बघितलं. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपती आहे, पितळी, चांगला वजनदार, डबल टेपने चिकटवलेला. टेकडी गणपतीला नवी गाडी नेली होती तेव्हाच बसवला. तोही याच झाकणावर येतो का?

हिंगणा_गॅरेज

हो ताई, बहुधा त्यावरच. बाप्पाला हलवा. मधे, स्टिरिओच्या खाली, एखादा हलका छोटा फोटो ठेवा, श्रद्धा तीच राहते. पितळी मूर्ती त्या जोराने उडाली तर शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येते. अत्तराची काचेची बाटलीही तशीच. आणि सीट कव्हर घेताना सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या बाजूची शिवण सुटणारी असलेलंच घ्या. समोर लोखंडी गार्ड असेल तर तेही काढा. त्याच्यावर २०१७ मध्येच बंदी आली, पुढच्या धडकेचा झटका सेन्सरपर्यंत जसा पोचायला हवा तसा ते पोचू देत नाही.

धाग्याची मूळ लेखिका

काका, मनापासून आभार. गुडघ्याची एअरबॅग आमच्या मॉडेलला नाही, मॅन्युअलमध्ये पाहिलं. कन्सोलमधला खण काढून बघितला. मागे हात जाईल एवढी जागा आहे आणि खाली पिवळ्या नळीतली एक वायर दिसते, तिला हात लावला नाही. ओबीडीचं यंत्र कालच मागवलं, ते आधी लावते. पण बाबा मोबाइल बघत गाडी चालवतील हे मला नको आहे, म्हणून मीटर लावणारच. पॉवर आणि सेन्सरचं अजून सांगा ना.

हिंगणा_गॅरेज

पिवळी नळी किंवा पिवळं कनेक्टर म्हणजे एअरबॅग किंवा सीट बेल्ट ओढणारं प्रीटेन्शनर. त्या वायरीला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, मल्टिमीटरने ओहमसुद्धा बघायचे नाहीत. तुम्ही डिप्लोमावाल्या, तुम्हाला लगेच कळेल: आतल्या इग्नायटरचा (एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स जेमतेम दोन ओहमच्या आसपास, टेस्ट लॅम्पचा करंट तो पेटवायला पुरतो. आपल्या वायरीही त्या नळीला झिप टायने बांधायच्या नाहीत, वेगळ्या वाटेने न्यायच्या.

कामाच्या आधी किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि थांबा. एअरबॅग युनिटच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी गेल्यावरही चार्ज असतो. कुठल्या मॅन्युअलमध्ये दीड मिनिट लिहितात, कुठे तीन. मी चहा पिऊन येतो, म्हणजे दहा मिनिटं होतात. पिवळं कनेक्टर चुकून सुटलंच तर ते परत लावेपर्यंत इग्निशन ऑन करू नका, नाही तर फॉल्ट नोंदला जातो आणि दिवा पेटून राहतो. तो फॉल्ट साध्या ओबीडी यंत्राने बहुधा वाचतासुद्धा येत नाही, सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर लागतो.

पॉवर फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून वेगळी वायर काढायचा जोड) लावून. इग्निशनबरोबर चालू होणारा, बिनमहत्त्वाचा फ्यूज निवडा, सिगरेट लायटरचा चालतो. एअरबॅगचा, एबीएसचा, इंजिन युनिटचा फ्यूज अजिबात नाही. दोन मीटरना तीन अँपिअर भरपूर झाला. कुठलीही मूळ वायर सोलून जोड देऊ नका, विमेवाल्याशी वाद झाला तर असल्या जोडाचं बोट आपल्याकडेच येतं.

वायरी आत आणायला फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, कंपनीचंच रबरी ग्रोमेट (भोकाची रबरी कडी) असतं, त्यातून आणा. नवं भोक पाडू नका. पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब, दर वीतभर अंतरावर बांधत न्या.

आता टेंपरेचरचा सेन्सर. वरच्या रेडिएटर पाइपमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जोड टाकून त्यात बसवतात. सेन्सर एकाच वायरीचा असेल तर त्या जोडाला वेगळी अर्थिंग लागते, दोन्ही बाजूंनी रबर आहे, करंट परत जाणार कुठून? ही अर्थिंग राहिली की काटा वाटेल तसा नाचतो आणि लोक मीटरला दोष देतात.

आणखी एक, आणि हे तुमच्या बुटीबोरीच्या प्रसंगासाठी मुद्दाम सांगतो. कूलंट सगळं वाहून गेलं तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत राहतो, आणि इंजिन जळत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. बाबांना हे नीट समजावून सांगा: काटा एकदम वर गेला तर थांबायचं, पण चढता काटा अचानक पडला तरी थांबायचं.

धाग्याची मूळ लेखिका

हे कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांना आजच सांगते. ऑइल प्रेशरसाठी दुकानात दोन प्रकार दाखवले, एकात ऑइलची बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते, दुसरा वायरीचा.

हिंगणा_गॅरेज

वायरीचाच घ्या. नळीच्या प्रकारात गरम ऑइल केबिनमध्ये आणायचं, आणि नळी सुटली तर ते पायावर. कंपनीचा ऑइल स्विच काढून तिथे टी जोड बसवायचा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर, म्हणजे डॅशबोर्डचा मूळ लाल दिवाही चालू राहतो.

मात्र आट्यांकडे लक्ष द्या. बाजारात मीटरबरोबर येणारे सेन्सर बहुतेक एक अष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्यांचे, इंचात २७ आटे. जपानी-कोरियन इंजिनात बऱ्याचदा बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा) असतो, त्यात २८. पहिले दोन-तीन फेरे छान फिरतात, म्हणून माणूस पाना लावून दाबतो आणि ब्लॉकचे आटे जातात. जुना स्विच काढून खिशात टाका, दुकानात नेऊन त्याच्याशी ताडून जोड घ्या. हाताने तीन-चार फेरे सरळ गेला नाही तर तो जोड तुमचा नाही.

सगळं झाल्यावर बॅटरी लावा, कोणालाही आत न बसवता दार उघडं ठेवून बाहेरूनच किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी बाबांना देऊ नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या. हिंगण्याकडे आलात तर आट्यांचा गेज माझ्याकडे आहे, मोजून देतो.